थोरली राहू द्या, धाकटी काढा

सांगतो, पण मधे बोलू नका. आधीच डोकं फिरलंय.

आमच्या गोदीत तीन जुन्या लढाऊ बोटी पडून होत्या. थोरली तोफांची, ही लांबलचक. मधली पाणबुडी. आणि धाकटी, समुद्रातले सुरुंग काढणारी, थोरलीच्या कडेवर बसेल एवढीशी. पैसा एकीपुरताच. ती एक म्युझियम होणार, बाकीच्या दोघी भंगारात. ठरवायला समिती नेमली. पाच जण, आणि पाचांना बोट म्हटलं की फक्त दाखवायची माहीत.

मला बोलावलं बूड तपासायला. चाळीस वर्षं पत्रे ठोकलेत मी. हातोडी मारायची आणि ऐकायचं. टण्ण वाजलं तर पत्रा जिवंत, थप्प वाजलं तर गेला. थोरली सगळीकडे थप्प. नुसत्या रंगावर उभी होती, नटवलेल्या म्हातारीसारखी. पाणबुडी ठीक होती, पण तिच्या तोंडात मी कमरेपाशी अडकलो, दोघांनी ओढून काढला. तिथं पब्लिक काय जाणार, डोंबल?

धाकटी मात्र टण्ण!

आता खरं सांगतो, माझा जीव तिच्यातच होता. माझा दादा तिच्यावर होता. सुरुंग फुटला, बूड फाटलं, तरी ती अठरा जणांना घेऊन घरी आली. ते बूड मी शिवलं. दादाला आता जिना उतरवत नाही, पण रोज फोन. "काय रे, आमच्या बाईचं काय ठरलं?"

फक्त तिच्या बुडाखालच्या, बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्यापाशी पाणी झिरपत होतं. पंप बंद पडला की जागच्या जागी बुडणार. म्हणून मी समितीच्या कारकुनाला अहवाल तोंडी सांगितला. माझं अक्षर म्हणजे खेकडा चाललेला. म्हटलं, "लिही. थोरलीचं राहू द्या. आधी धाकटी काढा." चष्मा घरी होता, तशीच सही ठोकली. ती चूक माझी.

पंधरा दिवसांनी गोदीत गेलो, तर गॅसकटरवाला धाकटीच्या अंगावर खडूने रेघा ओढतोय.

"हे काय रे?"

"कापायच्या खुणा, काका. सोमवारी."

तसाच समितीच्या खोलीत शिरलो. मुख्य साहेब चहा पीत होते. त्यांनी शांतपणे कागद पुढे सरकवला. "तुम्हीच लिहिलंय की! थोरली राहू द्या. धाकटी काढा. आम्ही थोरली ठेवली, धाकटी यादीतून काढली."

कारकुनाने माझा एक 'चं' आणि एक 'आधी' गिळला होता!

"अहो, पाण्यातून काढा म्हटलं मी! फोटो काढा म्हटलं की फोटो फेकून देता काय?"

"मग तसं लिहायचं ना."

"आणि थोरलीचं राहू द्या म्हणजे तिचा नाद सोडा!"

"तुमची भाषा फार अवघड आहे हो," साहेब म्हणाले. मी चौथी नापास!

"बरं, बदला आता."

"ठराव झालाय. बदल पुढच्या बैठकीत. तीन महिन्यांनी."

"सोमवारी कापतायत तिला!"

"त्याला मी काय करू?"

माझी सटकली. साहेबांचा दंडच धरला. "चला. तुमची लाडकी दाखवतो." कारकून वही घेऊन मागून. थोरलीच्या पोटात उतरवलं, अगदी तळाला, आणि हातोडी दिली हातात. "मारा."

"मी?"

"तुम्हीच ठेवलीय ना? मारा."

साहेबांनी मारली, देवघरातली घंटा वाजवावी तशी हलकी. थप्प. आणि हातोडी निम्मी आत! काढली तर पाण्याची चिळकांडी थेट साहेबांच्या पँटवर. साहेब असे नाचले की विचारू नका. मी लाकडी खुंटी ठोकून भोक बुजवलं. पाणी येणार माहीत होतं, खुंटी खिशात घेऊनच गेलो होतो.

"आणखी कुठं मारता?" मी विचारलं.

"नको नको! राहू द्या हो ही!"

मागून कारकून पेन उघडून विचारतो, "साहेब, राहू द्या म्हणजे ठेवायची ना?"

साहेबांनी त्याच्याकडे जे पाहिलं! खडूच्या रेघा पाहिल्यापासून माझी जी आग होत होती, ती तेव्हा कुठं शांत झाली.

वर आल्यावर साहेब पँट पिळत म्हणाले, "पण ठरावाचं काय?"

"धाकटी काढायची, हाच ना ठराव? कापायला का होईना, बोट कोरडी काढायची सुकी गोदी सोमवारची घेतलेलीच आहे. काढा तिला पाण्यातून. कटरवाला फक्त थोरलीकडे पाठवा. तेवढ्याला तुमची सही पुरे. कागद बैठकीत निस्तरा."

साहेबांनी सही केली. आधी दोनदा वाचून, मोठ्याने.

सोमवारी धाकटी वर आली. पाणी निथळलं आणि माझा जोड दिसला, जसाच्या तसा. तिथूनच दादाला फोन लावला, गडबडीत एवढंच ओरडलो, "दादा, काढली रे धाकटी!"

पलीकडून बारीक आवाजात, "कधी कापणार?"

"पाण्यातून काढली! पाण्यातून!"

"मग तसं बोल की, गाढवा," दादा म्हणाला, आणि नाक ओढलं.