वरच्या कोपऱ्यातला हार

संध्याकाळचे पावणेसात वाजले होते आणि कसबा पेठेतल्या त्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. जमलेली मंडळी तरी कोण? निवृत्त बँक अधिकारी, वकील, दोन-तीन प्राध्यापिका, आयटीतली पोरं. अंगारा, ताईत, लिंबू-मिरची म्हटलं की नाक मुरडणारी माणसं. "आम्ही बुवाबाजी मानत नाही बरं का," असं एकमेकांना बजावत ती पुढच्या खुर्च्यांवर रुमाल टाकून जागा धरत होती.

आणि खरंच, व्यासपीठावर बुवा नव्हताच मुळी! पांढरा इस्त्रीचा शर्ट, कानाला माईक, हातात लेझरचा दिवा. हे संकल्पगुरू अनंतजी. त्यांच्या मागे भिंतभर फ्लेक्स आणि फ्लेक्सवर आलेख. मथळा होता, 'देशातली दारू उतरली!' लाल रेघ डावीकडून शहाण्यासारखी सरळ येत होती आणि मग कात्रजच्या घाटासारखी एकदम खाली. त्यापुढचा सगळा उजवा भाग झेंडूच्या जाड माळांनी वरपासून खालपर्यंत सजवला होता.

"मी चमत्कार करत नाही," अनंतजी म्हणाले. "मी डेटा दाखवतो. वीस सालच्या गुढीपाडव्याला आपण सामूहिक संकल्प सुरू केला. रोज संध्याकाळी सात वाजता, डोळे मिटून, फक्त अकरा मिनिटं. आणि हा बघा ड्रॉप! एवढा मोठा देश, पण दारू खाली! कुणी केलं हे? पोलिसांनी? सरकारनं? नाही! तुमच्या व्हायब्रेशन्सनी केलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतले एक निवृत्त बँक अधिकारी शेजाऱ्याला म्हणाले, "आकडे आहेत हो समोर. आकड्यांपुढे काय बोलणार?"

तिसऱ्या रांगेत कुसुमताई पटवर्धन कपाळाला हात लावून बसल्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं. अर्धी कसबा पेठ त्यांच्या हातचे लाल शेरे खाऊन मोठी झाली होती, आणि तीच पेठ आज इथे टाळ्या पिटत होती. घरी जावं असं त्यांना दहादा वाटलं, पण शेजारच्या खुर्चीवर दिगंबर होता.

दिगंबर म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. टपाल खात्यातून निवृत्त झाला आणि परमिट रूमच्या नादाला लागला. ताईंच्या लहानपणी पेठेत कुणी पीत असेल तर मागच्या दारानं, मान खाली घालून. आता पेठेच्या बाहेर पडावं तर प्रत्येक वळणावर परमिट रूमची पाटी. वर्षाच्या सुरुवातीला दिगंबरच्या यकृताला सूज आली. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, यापुढे थेंबही घेतलात तर जिवाशी खेळ आहे. दारूची ओढ कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या. दोन महिने पठ्ठ्या थेंबाला शिवला नव्हता! ताईंनी त्या आनंदात चतुर्थी नसताना मोदक केले होते.

आणि आज सकाळी त्याच्या खणात गोळ्यांची अख्खी पाकिटं सापडली.

"दिगू, या का शिल्लक?"

"ताई, अनंतजी म्हणतात, बाहेरच्या औषधानं संकल्प खंडित होतो."

"आणि तोंडाला लवंगेचा वास कसला?"

"थोडीशीच घेतली गं. ओढ आपोआप उतरत जाते. अख्ख्या देशाची उतरली, मग माझी नाही उतरणार?"

भिंतीवर डोकं आपटून घ्यावं असं त्यांना वाटलं होतं. अंगाऱ्यावर विश्वास ठेवला असता तर दोन शब्द सुनावता तरी आले असते. हा तर आलेखाचा हवाला देत होता, आणि तो कुणाला, तर गणिताच्या बाईंना!

म्हणून त्या आल्या होत्या. आता त्या फ्लेक्सकडे बघता बघता त्यांची नजर सवयीनं उजव्या वरच्या कोपऱ्यात गेली. आलेखाची वही तपासताना आधी तिथेच बघायचं. 'प्रमाण' लिहिलंय का? एक सेंटिमीटर म्हणजे किती? नसेल तर एक मार्क गेला, मग आलेख कितीही देखणा असो. इथे त्या जागी झेंडूच्या माळा होत्या.

कुसुमताई उठल्या. गुडघा धरून व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढल्या. लोकांना वाटलं, नमस्काराला निघाल्या. अनंतजींनी प्रसन्न चेहऱ्यानं पावलं पुढे केली, पण ताई त्यांना वळसा घालून थेट फ्लेक्सपाशी गेल्या.

कोपऱ्यात उभी असलेली एक कार्यकर्ती लगबगीनं पुढे आली. "बाई, तिथे हात नका लावू ना, प्लीज!"

"अपूर्वा? तू? दहावी ब?" ताईंनी तिला ओळखलं. "हा आलेख तू केलास?"

"हो बाई. म्हणजे, एका रिपोर्टमधून जसाच्या तसा घेतला."

"प्रमाण लिहिलंयस का?"

अपूर्वाचा चेहरा दहावीतल्यासारखाच पडला. ताईंनी माळा बाजूला सारल्या. प्रमाण नव्हतंच. पण खालच्या अक्षावर एकवीस, बावीस, तेवीस अशी पुढची वर्षं होती, आणि लाल रेघ घाटाच्या तळातून उठून पुन्हा वर, थेट माळांच्या टोकाकडे चालली होती.

सभागृहात कुजबुज सुरू झाली.

"ही वर्षं का झाकलीस गं?"

"सर म्हणाले, तिथे डेकोरेशन करा," अपूर्वा पुटपुटली. "म्हणाले, लोक कन्फ्यूज होतात."

ताई लोकांकडे वळल्या. माईक त्यांना कधीच लागला नव्हता. "वीस सालचा पाडवा आठवतोय का कुणाला? गाठी मिळाली नव्हती, कडुलिंब आणायला बाहेर पडायची सोय नव्हती. त्याच दिवशी देशाला कुलूप लागलं, आणि दारूच्या दुकानांनाही. दारू विकतच मिळत नव्हती, तर रेघ खाली जाणार नाही तर काय? त्या वर्षी माझ्या शाळेतही एक पोर फिरकलं नाही. तेही यांच्या व्हायब्रेशन्सनी का? कुलूप निघालं, रेघ वर गेली. आणि डावीकडे बघा, उभ्या अक्षावर शून्यच नाही. मधूनच सुरुवात केलीय, म्हणून बोटभर उतार घाटाएवढा दिसतो."

"ताई, तुमच्यात फार निगेटिव्हिटी आहे," अनंतजी गोड हसत म्हणाले.

"असेल. पण तुमच्या आलेखात लबाडी आहे."

पहिल्या रांगेतले बँक अधिकारी उठले. "अहो, पण असंही असेल ना, की संकल्प नसता तर याहून जास्त वाढली असती?"

ताई त्यांच्याकडे वळल्या. शिकलेला माणूस! "म्हणजे रेघ खाली गेली तरी संकल्पाचा प्रताप, वर गेली तरी संकल्पाचाच. मग आलेख कशाला टांगलात? आरती करा की सरळ!"

थोडे लोक हसले. पंधरा-वीस जण उठून चालू लागले. बाकीच्यांनी, घड्याळात सात वाजले तसे, अनंतजींच्या सांगण्यावरून डोळे मिटून घेतले. समोर उघडा पडलेला फ्लेक्स होता आणि तो बघायचा नाही म्हणून शे-दीडशे पुणेकर डोळे घट्ट मिटून बसले होते. एकतीस वर्षं आपण नेमकं शिकवलं काय, असं ताईंना वाटून गेलं.

त्या बाहेर आल्या. कार्यालयाच्या पायरीवर आधीच उठून आलेला दिगंबर बसला होता.

"त्यांचं म्हणणं खोटं आहे ना गं, ताई?" त्यानं मान वर न करता विचारलं. "म्हणजे माझी ओढ आपोआप नाही जाणार."

"नाही जाणार, दिगू." त्या त्याच्या शेजारी टेकल्या. "आपोआप काही होत नाही. जो कुणी म्हणेल की आपोआप होईल, त्याला विचार, झाकलंयस काय ते दाखव. शून्यापासून दाखव. दाखवत नसेल तर चप्पल घाल आणि घरी ये. बस, एवढंच शिकायचं असतं रे माणसानं. आणि देशाची रेघ वर जाऊ दे नाहीतर खाली. तुझं यकृत देशाबरोबर सरासरीत नाही जात."

आत सामूहिक 'ॐ' सुरू झाला होता.

"आज किती घेतलीस? खरं सांग."

"थोडीशी."

"थोडीशी म्हणजे किती? प्रमाण लिही."

त्यानं दोन बोटं वर केली, आणि जरा थांबून तिसरं.

"तीन पेग," ताई म्हणाल्या. त्या रागावल्या होत्या, पण त्यांनी त्याचा हात धरला. "उद्या नऊ वाजता डॉक्टरांना हाच आकडा सांगायचा. काही झाकायचं नाही. मी बरोबर आहे."