ज्याचं वर्तुळ त्याचं

मोठ्या बाई कसल्याशा प्रशिक्षणाला गेल्या आणि येताना खेळ घेऊन आल्या. नुसत्याच आल्या असत्या तरी चाललं असतं. पण हातात ही भलीमोठी पिशवी आणि तोंडी एकच वाक्य, "शुद्धलेखन आता हसतखेळत!" हसणार मुलं, खेळणार मुलं आणि निस्तरणार कोण? पाचवीच्या बाई. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय, असं बाई मनात म्हणाल्या आणि तोंडाने "हो, बाई" म्हणाल्या.

पाचवीच्या बाईंची स्वतःची पद्धत अगदी साधी होती. शब्द चुकला की वहीत पुन्हा लिहा, हात दुखेपर्यंत लिहा. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता असे. पिशवी उघडली आणि ती शांतता जी गेली ती गेलीच.

आधी भिजवलेल्या पिठाची अक्षरं करायची होती. एकाने आपला उकार खाऊन टाकला. एकीच्या वेणीत अख्खी वेलांटी अडकली आणि तिची आई दुसऱ्या दिवशी दारात हजर. मग बोटाने पुढच्याच्या पाठीवर शब्द लिहायचा आणि त्याने तो ओळखायचा. ओळखतंय कसलं! गुदगुल्यांनी अर्धा वर्ग बाकाखाली. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर भिंत ठोकून दमले आणि शेवटी स्वतःच आले. "बाई, शुद्धलेखन चाललंय की कुणाचं लग्न?"

"या ना सर, तुम्हीही या. तेवढाच एक वऱ्हाडी वाढेल," बाई म्हणाल्या. त्यांचं डोकं ठणकत होतं.

पिशवीतला शेवटचा खेळ म्हणजे अक्षरांची शर्यत. पाच जणांचा एक गट. बाईंनी शब्द सांगायचा, पहिल्याने धावत जाऊन फळ्यावर पहिलं अक्षर लिहायचं, परत येऊन खडू दुसऱ्याच्या हातात द्यायचा, त्याने दुसरं लिहायचं, असं पाचव्यापर्यंत. 'आत्मविश्वास', 'सूर्यप्रकाश', 'प्रयोगशाळा', सगळे शब्द मोजून पाच अक्षरी. हा खेळ मात्र मुलांना इतका आवडला की मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी कुणी हलेना. फक्त पहिलं कुणी उभं राहायचं यावरून रोज मारामाऱ्या. कुणाचा चष्मा वाकला, कुणाचा शर्ट फाटला. बाईंच्या नाकी नऊ आले. शेवटी त्यांनी खडू घेतला, खाली वाकून प्रत्येक गटासाठी जमिनीवर पाच वर्तुळं काढली आणि कमरेवर हात ठेवून गरजल्या, "ज्याचं वर्तुळ त्याचं! आज जिथे उभे आहात तिथेच उद्या, तिथेच परवा. पुन्हा भांडण ऐकलं तर खेळ बंद!"

भांडणं थांबली. बाईंना वाटलं, जिंकलो.

खिडकीकडच्या गटात, तिसऱ्या वर्तुळात, मुंगी उभी असायची. मुंगी म्हणजे बाईंच्या थोरल्या बहिणीची मुलगी. घरी बाईंना ती मावशी म्हणायची आणि शाळेत बाई. दोन्हीची सरमिसळ झाली की कान लाल व्हायचे तिचे. मागच्या शाळेत तिला लिहिता येत नाही म्हणून वेगळं, एकटं बसवलं होतं. तिथे ती वर्षभर बसली आणि हळूहळू बोलायचीच बंद झाली. घरीसुद्धा. ताईने रडत रडत तिला इथे आणून सोडलं. "तुझ्या वर्गात घे गं हिला. तुझ्यापुढे तरी तोंड उघडेल."

तोंड उघडलं ते या मेल्या शर्यतीत. गट जिंकला आणि मुंगी सगळ्यांबरोबर ओरडली, "आम्ही! आम्ही!" बाईंनी फळ्याकडे तोंड फिरवलं आणि डोळ्यांत खडू गेल्याचं सांगितलं. त्या दिवसापासून पोरगी घरी जेवतानासुद्धा ताटाच्या कडेला बोटाने काहीतरी गिरवत असे. बाई ताईला फोनवर सांगत, "सुधारतेय गं. रोज जिंकतायत." ताई पलीकडे नुसती हुंदके देई.

आणि मग मोठ्या बाईंना आठवलं की खेळ दिले तर परीक्षाही घ्यायला हवी. "शुक्रवारी मी स्वतः शब्द सांगणार. जे नापास होतील, त्यांना जिन्याखालच्या खोलीत बसवू. वेगळं लक्ष देता येईल."

वेगळं लक्ष! त्या खोलीत तुटके बाक आणि जुने नकाशे ठेवत. बाईंनी मुंगीकडे पाहिलं, तर ती आपली निवांत. रोज जिंकणाऱ्याला कसली भीती?

शुक्रवारी दुपारी मोठ्या बाईंनी पाचवीच्या बाईंना बोलावून घेतलं आणि एक पेपर टेबलावर टाकला. "तुमची भाची."

पेपरावर प्रत्येक शब्दासाठी अक्षरागणिक पाच रेघा आखलेल्या, त्यातल्या चार रिकाम्या आणि मधोमध एक अक्षर. खाली पुन्हा तसंच. शेवटपर्यंत तसंच. दोन रेघा, एक अक्षर, दोन रेघा.

"आपलेच दात आणि आपलेच ओठ, मला कळतं," मोठ्या बाई मऊ आवाजात म्हणाल्या. "पण हिला काहीसुद्धा येत नाही. सोमवारपासून जिन्याखाली."

बाईंनी पेपर उचलला. 'आत्मविश्वास'मधला 'वि'. 'सूर्यप्रकाश'मधला 'प्र'. 'प्रयोगशाळा'मधला 'ग'. एकही चुकलेला नव्हता. प्रत्येक शब्दातलं तिसरं अक्षर, सुबक, ठसठशीत.

"बाकीचे पेपर दाखवा," त्या म्हणाल्या.

"त्यांनी निदान पूर्ण शब्द लिहिलेत."

"दाखवा तर!"

बाईंनी गठ्ठा ओढला आणि गटागटाने पेपर लावत गेल्या. चारदोन हुशार मुलं सोडली तर सगळीकडे एकच तमाशा. पहिल्या वर्तुळातल्यांचं पहिलं अक्षर बरोबर, पुढे आनंदीआनंद. पाचव्यांचा शेवट बरोबर आणि आधीची चार अक्षरं अंदाजपंचे. इतके आठवडे एकेका पोराने एकेकच अक्षर घोटलं होतं. बाकीच्यांनी उरलेल्या जागा ठोकून भरल्या होत्या. मुंगीने, जे येत नाही ते लिहिलं नव्हतं, एवढाच काय तो फरक.

"कप्पाळ माझं!" बाई म्हणाल्या. "बाई, ही पोरं नापास नाहीत. मी त्यांना वर्तुळात खिळवून ठेवलं. मला भांडणं नको होती."

"म्हणजे काय करू मी? अख्खा वर्ग जिन्याखाली नेऊ?"

"न्या. आणि मला पण न्या. माझ्या एकट्या भाचीला नेणार असाल तर मात्र मी दारात आडवी पडेन."

मोठ्या बाईंनी गठ्ठ्यातले चारदोन पेपर स्वतः उलटून पाहिले. मग त्यांनी तो बाईंकडे सरकवला. "महिनाभर देते. पुन्हा परीक्षा घेईन. पण तेव्हा मी कुणाचं काही ऐकणार नाही, सांगून ठेवते."

घरी बाई तणतणतच शिरल्या. पिशवी एकीकडे, चपला दुसरीकडे. मुंगी स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. शाळेतच तिच्या कानावर सगळं आलं होतं.

"तुला पहिलं अक्षर कधी लिहून बघावंसं वाटलं नाही का गं? एकदा तरी?" बाईंचा आवाज चढलाच. "डोळे उघडे होते ना? फळा समोरच होता ना?"

मुंगी टेबलाच्या कडेवर नख फिरवत राहिली. "तिसऱ्या जागेवर मला कुणी हसत नाही," ती म्हणाली. "मी तिसरं अक्षर इतकं पाठ केलं, मावशी, की तिथे मी चुकतच नाही."

बाईंचा राग जिथल्या तिथे विरला. मागच्या शाळेत एका कोपऱ्यात बसवलेली पोरगी. इथे तिला आपण, स्वतःच्या हाताने खडू घेऊन, वर्तुळ काढून दिलं. आणि ती बिचारी त्यातच सुखी.

"मी एकटीच जाणार का जिन्याखाली?"

"कुणी कुठे जात नाहीये. सगळा वर्ग नापास आहे आणि वर्गापेक्षा मी जास्त." बाई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. "सोमवारी वर्तुळं पुसायची. रोज जागा बदलायची. आज पहिली, उद्या चौथी."

मुंगीचा चेहरा पांढरा पडला. "मग मी चुकेन. सगळे बघतील."

"चुकशील. तेही चुकतील. त्यांना तरी तिसरं अक्षर कुठे येतंय? ते तुलाच शिकवावं लागणार आहे."

मुंगीने वाटीतलं थोडं पाणी टेबलावर सांडलं आणि त्यात बोट बुडवून, एकदा मावशीकडे बघून, काहीतरी लिहायला घेतलं. पहिलं अक्षर चुकलं. तिने तळहाताने ते पुसलं आणि पुन्हा लिहिलं. तेही चुकलं.

बाईंनी ओठ घट्ट मिटून धरले आणि टेबल पुसायचं फडकं हळूच पाठीमागे लपवलं.