मधोमध रेघ मारलेली अँबॅसिडर

शेताला बांध असतो, घराला भिंत असते. गाडीला बांध घातलेला मात्र तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय. नुसता पाहिला नाही, चुन्याची फक्की माझ्याच हातात होती, त्यामुळे यात खोटं काही निघायचं नाही. निघालंच, तर ते मी नंतर घातलेलं असेल.

देवळाली प्रवरेच्या शिवारात माझ्या वस्तीला लागून दोन भावांची वस्ती आहे. थोरला गहिनीनाथ, धाकटा सूर्यभान. बाप गेल्यावर वर्षाच्या आत त्यांनी सगळं वाटून घेतलं. विहिरीतल्या पाण्याच्या पाळ्या वाटल्या, आंब्याच्या फांद्या वाटल्या. कुत्रं वाटता येईना, तर ते दोघांच्या शिव्या खाऊन आपणच पळून गेलं. उरली बापाची पांढरी अँबॅसिडर. दोघांनाही ती हवी होती, त्याहून जास्त ती दुसऱ्याला मिळायला नको होती.

आमच्याकडं रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. म्हणजे वाटे पाडणाऱ्याला बेइमानी करता येत नाही. रीत शहाणी आहे, पण ती गाडीला लावणारे हेच दोघे. गहिनीनाथनं लई डोकं चालवलं. आडवी रेघ मारावी, तर इंजिन एकाकडं आणि डिकी दुसऱ्याकडं. म्हणून त्यानं उभी मारायला लावली, बोनेटच्या नाकापासून डिकीच्या कुलपापर्यंत.

"उचल," तो म्हणाला.

सूर्यभाननं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि डाव्या दारावर थाप टाकली. "डावं माझं. चालवतो त्यो डायवर, शेजारी बसतो त्यो मालक. तात्या, सांगा आमच्या डायवरला."

तेव्हापासून दोघं एकमेकांशी माझ्यामार्फतच बोलायचे, म्हणजे शिव्या माझ्या अंगावरून जायच्या.

त्यांची आई छबूबाई ओट्यावर बसून बघत होती. ती म्हणाली, "माझ्याबी टकुऱ्यावरून फक्की टाका, मेल्यांनो, म्हंजी झालं."

म्हातारी राहायची गहिनीनाथकडं. दर शनिवारी तिला शिंगणापूरला जायचं असतं. गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे मोटारसायकल चालत नाही, एसटीच्या पायऱ्या चढत नाहीत. अँबॅसिडरमध्ये मात्र ती खुर्चीवर बसावी तशी बसते. बसायची तीही बरोबर रेघेवर. जरा कुठं कलली, की पुढून सूर्यभान ओरडणार, "आये, हद्दीत ऱ्हा!"

गाडीचे मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या दणके झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, पार बसलेल्या होत्या. उसाच्या ट्रॉल्यांनी आमचे रस्ते असे केलेत, की एका खड्ड्यात पडलेली शेळी पुढच्या खड्ड्यातून बाहेर येते. एका शनिवारी सोनईच्या अलीकडं गाडी अशी आपटली, की छबूबाईची कवळी तोंडातून उडाली आणि पुढं बसलेल्या सूर्यभानच्या कॉलरला चावली. घरी आल्यावर म्हातारीनं दोघांना उभं केलं.

"गहिनी, फुडल्या शनवारी एक जरी दनका बसला, तर मी माझं गाठुडं उचलून सूर्यभानकडं जाईन. मरंस्तवर तिथंच. दोघंबी आयका."

सूर्यभानच्या मिशा तिथंच वर गेल्या. गहिनीनाथचा चेहरा मात्र उतरला. आमच्याकडं आई ज्या घरात, ते घर थोरलं. दसऱ्याचं सोनं द्यायला माणसं आधी तिथं येतात, लग्नाची पत्रिका आधी तिथं पडते. शिवाय पन्नाशी उलटलेला हा बाप्या सकाळी आईनं चहाची कपबशी हातात दिल्याशिवाय पांघरुणातून बाहेर येत नाही, हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. आई गेली, तर त्याची सकाळच व्हायची नाही.

त्यानं राहुरीहून सामान आणलं. नवे पाटे, त्यांच्या टोकाचे रबरी बुश आणि शॉकअप. लिंबाखाली गाडी घेतली, मागून जॅकवर उचलली, खाली ओंडके सरकवले आणि चाक काढलं. गंजलेल्या नटांवर डिझेल ओतून तो पान्ह्याला लोंबकळला. बुश निघाले ते चघळून थुंकलेल्या सुपारीसारखे. जुना शॉकअप हातानं दाबला, तर आत गेला तो गेलाच, परत यायचं नाव नाही. पाट्याची दोन पानं मधोमध तुटलेली. गहिनीनाथनं उजवी बाजू नवी केली, हात पुसले आणि जॅक उचलून डावीकडं निघाला.

सूर्यभान तिथं खाट टाकूनच बसला होता.

"तात्या, सांगा त्याला. माझ्या हद्दीत पान्हा घातला, तर पान्हा परत जाईल, हात जानार न्हाई."

"तात्या, त्याला म्हनावं सामान मी आनलंय. फुकट बसवून देतो."

"फुकट? लई आला दानशूर! माझ्या वाटंचा गंज माझा. माझा तुटका पाटा माझा. मला तसाच आवडतो."

"तात्या, आये पडंल ना!"

"पडली, तर माझ्याकडं पडंल," सूर्यभान म्हणाला आणि त्यानं तोंडावर पंचा ओढून घेतला.

झालं. उजवी बाजू उंच, डावी जमिनीला टेकलेली. गाडी लकवा झाल्यासारखी उभी. सूर्यभानचा बेत बिनतोड होता. काहीच करायचं नाही, शनिवारी दणका बसू द्यायचा आणि आईला घेऊन जायचं. त्यानं हा बेत पाळला असता, तर मला सांगायला काही उरलं नसतं. पण येणारा-जाणारा गाडीकडं बघून हसायला लागला. दूधवाला म्हणाला, "सूर्यभानराव, थोरल्यापुढं वाकला वाटतं शेवटी?" भाजीवाली म्हणाली, "मालकाची बाजू लई नम्र हाय हो."  मी फक्त डाव्या बाजूनं चालताना थोडा वाकून चालायचो.

गुरुवारी त्यानं उसाच्या मोडक्या ट्रकचा एक पाटा ओढत आणला आणि आपल्या बाजूला ठोकून बसवला. डावी बाजू टुणकन वर. आता गहिनीनाथ खाली. शुक्रवारी गहिनीनाथनं ट्रॉलीचं एक पान घातलं. उजवी वर. दुपारी सूर्यभाननं आणखी एक. संध्याकाळपर्यंत गाडी एवढी उंच झाली, की खालून कोंबड्या ताठ मानेनं जायला लागल्या, आणि गहिनीनाथला आत चढायला दुधाचा कॅन पालथा घालावा लागला. पाटे इतके कडक, की मी डिकीवर बसून पाहिलं, तर गाडी दबली नाही, मीच दबलो.

मी म्हणालो, "अरे, पाटा वाकायसाठी असतो. याला जरा तरी लवू द्या."

"लवायचं असंल तर त्यानं लवावं," दोघं एकदम म्हणाले. बऱ्याच वर्षांत त्यांचं एवढं एकमत मी ऐकलं नव्हतं.

शनिवारी सकाळी गहिनीनाथ उठला, तर डावी बाजू पुन्हा चार बोटं वर. सूर्यभाननं पहाटेच डाव साधला होता. गहिनीनाथ तसाच राहुरीला पळायला निघाला, तर छबूबाईनं ओट्यावरून काठी आडवी घातली.

"शनवारचं लोखंड घरात आनतो? आन त्याच तोंडानं शनिदेवाम्होरं उभा ऱ्हातो? बस गाडीत."

निघालो. गहिनीनाथ स्टेअरिंगवर, सूर्यभान शेजारी मालकाच्या थाटात, मागं रेघेवर छबूबाई. मला पंच म्हणून घेतलेलं. जाताना मी उजव्या हद्दीत बसायचं आणि येताना डाव्या, असं आधीच ठरवून घेतलं होतं.

राहुरी ओलांडेपर्यंतच माझ्या ध्यानात आलं, की म्हातारी माझ्याकडं सरकतेय. गाडी उजवीकडं कललेली, रेक्झिनची सीट गुळगुळीत आणि म्हातारीचं लुगडं इस्त्रीचं. प्रत्येक खड्ड्याला ती बोटभर उजवीकडं यायची. सूर्यभाननं आरशात पाहिलं.

"आये! तू त्याच्या हद्दीत गेली!"

"मी कुटं जाते, मेल्या? मला गाडी नेती."

"तात्या, ढकला तिला!"

"मी पंच आहे, हमाल नाही," मी म्हणालो.

गहिनीनाथ पुढं बघून गालात हसत होता. "सांगा त्याला, तात्या. त्यानंच बाजू उचलली. स्वताच्या हातानं आये मला दिली."

हे ऐकून सूर्यभान सीटवर उलटा गुडघ्यावर उभा राहिला आणि त्यानं मागं हात घालून आईचं मनगट धरलं. डावीकडं ओढायला लागला. गहिनीनाथनं एका हातानं स्टेअरिंग धरून दुसऱ्या हातानं तिचा दुसरा हात धरला. रस्त्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं, मीसुद्धा बघत होतो ते हेच.

ब्राह्मणीच्या अलीकडं गतिरोधक आहे.

गाडी त्यावर चढली आणि उतरलीच नाही, उडाली. खाली पोपटांचा एक थवा गेलेला मी खिडकीतून पाहिला. मग टेकलो. लवणारं तर गाडीत काहीच नव्हतं, सगळा दणका थेट आमच्या मणक्यात. छबूबाईचं डोकं टपाला लागलं आणि तिथं टोपीएवढा पोचा आला. पत्र्याला. म्हातारीला काही झालं नाही, तिनं फक्त काठी जवळ ओढून घेतली.

सूर्यभान मात्र नाचायला लागला. "दनका बसला! आये माझी! तात्या, तुमी सांगा, बसला का न्हाई?"

गहिनीनाथनं करकचून ब्रेक मारला. "बसला, पन कंच्या चाकानं? डाव्या! तुज्या चाकानं पाडलं तिला. तुजा दनका माझ्या नावावर कसा?"

"उजवं चाक आधी चढलं!"

"डोळं फुटलं का तुझं? डावं!"

वाटणीनंतर पहिल्यांदाच दोघं थेट एकमेकांशी बोलत होते. मला वाटलं, आता माझी सुटका झाली. पण सूर्यभान उतरला, डिकी उघडली आणि पान्हा काढला.

"काढ तुझा पाटा. बघू कुनाचा ताठलाय. ज्याचा लवत न्हाई, त्याचा दनका."

"आज शनवार हाय," गहिनीनाथ म्हणाला.

"शनवारी लोखंड आनायचं नसतं. काढलेलं चालतं."

हे शास्त्र गहिनीनाथला पटलं. त्यानंही बाह्या सरसावल्या. जॅक होता एकच, तो गहिनीनाथचा, म्हणून उजवीकडं लागला. सूर्यभाननं शेजारच्या शेतात कांद्याच्या ढिगावर घातलेल्या ताडपत्रीवरचे दगड आणून आपली बाजू टेकवली. रस्त्याच्या कडेला, भर उन्हात, दोघं आडवे होऊन नट सोडत होते. खालून शिव्या येत होत्या, आणि गाडी मधे असल्यानं त्या कुणाच्या कुणाला हे कळत नव्हतं. "बापाच्या टायमाला तू पाटे बघितले असते, तर!" "बाप असता, तर तुला डिकीत घातला असता!" आत म्हातारी बसलीय, हे दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

मी उतरून बाभळीखाली उभा होतो. शिंगणापूरला निघालेला एक टेम्पो थांबला. आत बाया होत्या, पूजेची ताटं होती. छबूबाईनं दार उघडलं, काठी खाली टेकवली आणि सगळी गाडी गदागदा हलवत उतरली. टेम्पोतल्या बायांनी तिला हाताला धरून वर घेतलं. एकीनं तिला पाणी दिलं. माझ्याजवळून जाताना ती एवढंच म्हणाली, "तात्या, बोलू नगा."

मी कशाला बोलतोय? पंचाला विचारलं तरच बोलायचं असतं.

दोन्ही पाटे निघाले. दोघांनी ते रस्त्यावर ठेवले आणि त्यांवर आळीपाळीनं उभे राहून उड्या मारल्या. एकही लवला नाही. गहिनीनाथ म्हणाला, तुझा जास्त ताठ. सूर्यभान म्हणाला, तुझा. तेवढ्यात डावीकडचे दगड सरकले, गाडी जॅकवरून घसरली आणि पोट टेकून बसली. आता तिला उचलायचं कशानं? जॅक गाडीखाली चेपलेला.

"आये, उतर जरा खाली," गहिनीनाथनं आत डोकं घातलं. मग बाहेर काढलं. मग पुन्हा घातलं. "तात्या, आये कुटंय?"

"गेली."

"कंच्या दारानं?" सूर्यभाननं विचारलं.

मी सांगितलं नाही. ते सांगितलं असतं, तर तिथंच खून पडला असता.

ऊन उतरायला लागलं, तसा तो टेम्पो परत आला. दोघं रस्त्याच्या कडेला बसले होते, गहिनीनाथ गाडीच्या उजवीकडं आणि सूर्यभान डावीकडं, मांडीवर आपापला पाटा. टेम्पो आमच्याजवळ हळू झाला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली आणि मागं वळून विचारलं, "आजी, तुमची मानसं का ही?"

छबूबाईच्या कपाळाला शेंदूर होता, हातात कापलेला पेरू. तिनं दोघांकडं नीट पाहिलं. घाई केली नाही.

"न्हाई वो. वळखीची न्हाईत. चला तुमी, मला सावेडीला लेकीकडं सोडा. मनकर्णा तिचं नाव, गाडी न्हाई तिच्याकडं."

टेम्पो गेला. धूळ खाली बसायला बराच वेळ लागला. मी दोघांकडं बघत होतो. आता तरी एखादा रडेल, निदान आई म्हणून हाक तरी मारेल, असं मला वाटलं.

सूर्यभान पहिला बोलला. "टेम्पोत डाव्या अंगाला बसली हुती. तात्या, तुमी बघितलं."

"उजव्या," गहिनीनाथ म्हणाला आणि पाटा घेऊन उठला.