थोरला, धाकटा आणि साक्षीदार

एकमेकांवर संशय घेणं हे आमच्या यंत्रांचं नेमून दिलेलं काम आहे. रुग्णालयाची सगळी माहिती, म्हणजे कोण दाखल झालं, कुणाला कोणतं औषध दिलं, कुणाचं बिल राहिलं, हे तीन मशीनच्या एका क्लस्टरवर असतं. थोरला नोंदी लिहून घेतो. धाकटा त्या जशाच्या तशा उतरवत राहतो. तिसरा साक्षीदार, तो काही साठवत नाही, फक्त मत देतो. तिघंही क्षणाक्षणाला एकमेकांना विचारत असतात, ‘आहेस ना?’ थोरल्याचं उत्तर आलं नाही की उरलेले दोघं ठरवतात, गेला तो. आणि धाकटा त्याच्या जागी बसतो. पण गप्प झालेला खरोखर गेला आहे की नुसता गप्प आहे, हे कुणालाच कळत नाही. म्हणून नियम असा की जागा घेण्याआधी धाकट्यानं थोरल्याची वीज तोडायची. तो जिवंत असला तरी. आमच्या खोलीत ह्याला ‘नरडं दाबणं’ म्हणतात.

हे सगळं सांभाळणं माझी नोकरी आहे, आणि एरवी मी ते घरी नेत नाही. त्या आठवड्यात मात्र संशय आपल्या पायांनी मशीनच्या खोलीतून बाहेर पडला आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

माझी नणंद त्याच रुग्णालयाच्या औषधभांडारात फार्मासिस्ट आहे. चाळिशी ओलांडली तरी घरात ती बेबीच. कुलपातली इंजेक्शनं तिच्या ताब्यात असतात. वेदना विझवणारी, आणि चुकीच्या हाती पडली तर माणूसही विझवणारी. शुक्रवारच्या मोजणीत ती इंजेक्शनं कमी भरली. बेबीचं म्हणणं एकच होतं: मंगळवारी दुपारी अपघात विभागानं मागितली, मी दिली, नोंद केली, त्यांनी पोच दिली. संगणकावर ना तिची नोंद होती, ना त्यांची पोच. विभागातले डॉक्टर म्हणाले, त्या दुपारी बस उलटली होती, कोण कुठून काय आणत होतं कुणाला आठवतंय! सोमवारी दुपारी चौकशी समिती बसणार होती. नोंद सापडली नाही तर बेबीची नोकरी जाणार होती, परवाना जाणार होता, आणि जन्मभरासाठी एक शब्द तिच्या नावापुढे चिकटणार होता, जो घरात अजून कुणी उच्चारला नव्हता.

‘‘मी स्क्रीनवर पाहिलंय गं, वहिनी,’’ रविवारी ओट्याशी उभी राहून ती म्हणाली. ‘‘नोंद केली, वर नंबर पडला, हिरवी खूण आली. आता म्हणतात, नाहीच.’’

‘‘मग गेली कुठे?’’

‘‘हे तू मला विचारतेस? मशीन तुझं.’’

तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, पेपरामागून म्हणाला, ‘‘बेबी असलं काही करणार नाही.’’ आणि जरा वेळानं, माझ्याकडे न बघता, ‘‘नाही का?’’

ह्या दोन शब्दांनी घरातला उजेड किंचित खाली उतरला. इतक्यात बेबीचा फोन वाजला. ती तो घेऊन गच्चीत गेली आणि जाताना दार ओढून घेतलं. एरवी ती फोनवर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी बोलते. मी भांडी आवरत होते, पण माझा कान माझ्याआधी दाराशी पोचला होता. ती कुणाला तरी म्हणत होती, ‘‘घरी कळू देऊ नकोस.’’ काय कळू द्यायचं नव्हतं, ते मला आजही माहीत नाही.

सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये बिलाच्या खिडकीवरचा कारकून भेटला. त्याची खिडकी जुन्या इमारतीत, भांडाराच्या भिंतीला भिंत लावून.

‘‘मॅडम, तुमच्या मशीननं गिळलेली माझी बिलं ओकणार कधी?’’

‘‘कुठली बिलं?’’

‘‘मंगळवारची. दुपारची. आमचे साहेब म्हणाले, तुला डुलकी लागली असेल. डुलकीत माणूस बिलं फाडतो होय? पेशंटांना परत बोलावून नव्यानं केली मी. नुसत्या शिव्या खाल्ल्या.’’

लिफ्टचं दार उघडलं, बंद झालं, पुन्हा उघडलं. मी तशीच उभी होते. भांडार जुन्या इमारतीत. अपघात विभागही तिथेच. आणि थोरलाही तिथल्याच तळघरात. धाकटा आणि साक्षीदार मात्र नव्या इमारतीत, आमच्या शेजारच्या खोलीत.

मंगळवारी दोन इमारतींमधली तार सैल झाली होती, हे मला ठाऊक होतं. थोरला दिसेनासा झाला, धाकट्यानं जागा घेतली, माझ्याबरोबर ही यंत्रं सांभाळणाऱ्या मास्तरांनी संध्याकाळपर्यंत तार दुरुस्त केली. तेव्हापासून थोरला काही केल्या परत जुळत नव्हता. पुसून त्यावर धाकट्याची नवी प्रत चढवायची, असं ठरलं होतं. ह्यात वावगं काहीच नव्हतं. वीज तोडण्याची तार वेगळी असते, त्यामुळे थोरल्याचं नरडं तत्क्षणी दाबलं गेलं असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मीही.

मी जागेवर जाऊन धाकट्याची मांडणी, म्हणजे त्याला आखून दिलेले नियम, उघडली. नरडं दाबणं बंद होतं.

मास्तर पूर्वी कॉलेजात शिकवत, म्हणून मास्तर. मी मशीनच्या खोलीत शिरले तेव्हा ते थोरल्याचा पडदा उघडून बसलेच होते. आमच्याकडे मुख्य पासवर्ड कुणा एकाला ठाऊक नसतो. पहिला अर्धा माझ्याकडे, दुसरा अर्धा त्यांच्याकडे. एकट्यानं काही बिघडवू नये आणि एकट्यावर आळ येऊ नये म्हणून.

‘‘ये, तुझा अर्धा टाक,’’ ते म्हणाले. ‘‘पुसून मोकळं होऊ.’’

‘‘घाई कसली, मास्तर?’’

‘‘घाई? धाकटा एकटा राबतोय. तो पडला तर अख्खं रुग्णालय पाटी-पेन्सिलीवर येईल.’’

‘‘आजच? समितीच्या आधी?’’

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसू लागले. काचा स्वच्छच होत्या.

‘‘नरडं दाबणं बंद का आहे?’’ मी विचारलं.

‘‘मागे ऐन ओपीडीच्या वेळेला चांगल्या चालत्या मशीनचा जीव घेतला होता त्यानं. विसरलीस? म्हणून दुरुस्तीला बसताना मी ते बंद करतो. मंगळवारच्या आधीच्या दुरुस्तीलाही केलं होतं.’’

‘‘आणि दुरुस्ती झाल्यावर?’’

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

‘‘म्हणजे मंगळवारी थोरला मेलाच नाही,’’ मी म्हणाले. ‘‘तळघरात बसून जुन्या इमारतीचं सगळं लिहून घेत राहिला. हिरव्या खुणा देत राहिला. आणि इकडे धाकटा गादीवर.’’

‘‘तार जोडल्यावर सगळे धाकट्याकडे आले,’’ ते सावकाश म्हणाले. ‘‘थोरल्यानं काय लिहिलं, ते कुणी विचारलं नाही.’’

‘‘तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘शंका होती.’’

‘‘कुणाबद्दल?’’

‘‘माझ्याबद्दल. आणि तुझ्या नणंदेबद्दलही. दोन शंका असल्या की माणूस सोयीची उचलतो, बाई. निवृत्तीला आलोय मी.’’

‘‘मग आधी वाचू या.’’

‘‘आपल्या संगणक विभागाच्या साहेबांनी बजावलंय, तू थोरल्याला हात लावायचा नाही. नात्यातलं प्रकरण आहे.’’

‘‘पुसायला माझा हात चालतो, वाचायला चालत नाही?’’

ते कडवट हसले. पण त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. मी नोंद शोधून काढली तर समिती म्हणणार, वहिनीनं रचली. माझ्या हातानं सापडलेलं सत्य माझ्या हातामुळेच खोटं ठरणार होतं. साहेबांना बोलवावं, तर त्यांना विभागाची अब्रू आधी आणि बेबीची नंतर. उरले मास्तर. हा एकच माणूस तिला सोडवू शकत होता, आणि त्याला स्वतःला सुटायचं असेल तर तेही एका कळेच्या अंतरावर होतं.

उठल्यावर थोरल्यानं धाकट्याच्या नोंदींत ढवळाढवळ करू नये म्हणून मी तळघरात फोन करून त्याची क्लस्टरची तार काढायला लावली. देखभालीची एक तेवढी राहू दिली. मग खुर्चीत बसून माझा अर्धा पासवर्ड टाकला.

‘‘नुसतं वाचण्यापुरतं उठवा त्याला,’’ मी म्हणाले. ‘‘नोंद नसली तर तसं सांगा. असली तरी तुम्हीच सांगा. मी बाहेर थांबते.’’

‘‘मला एकट्याला सोडून?’’

‘‘हो.’’

‘‘हे नियमात बसत नाही.’’

‘‘ठाऊक आहे.’’

बाहेर लांबलचक मार्गिका होती आणि तिच्या टोकाला एक खिडकी, जिच्यातून फक्त दुसऱ्या खिडक्या दिसत. दारापलीकडे कळांचा आवाज होई, थांबे, पुन्हा होई. पुसायला किती कळा लागतात आणि वाचायला किती, हे मी मोजू लागले आणि स्वतःचीच लाज वाटून थांबले. मग पुन्हा मोजू लागले. मनात आलं, बेबी खोटं बोलत असेल आणि मास्तर खरं. मनात आलं, दोघंही खोटं. आपल्या माणसाबद्दल असं काही मनात येतं तेव्हा ते आतून येत नाही, कुणीतरी कानात सांगतं, असं मी समजत असे. त्या दिवशी मार्गिकेत माझ्याशिवाय कुणीही नव्हतं.

आतला आवाज थांबला. बराच वेळ थांबला. मग दार उघडलं.

मास्तर एकदम म्हातारे दिसत होते.

‘‘आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘तिची नोंद, अपघात विभागाची पोच, डॉक्टरच्या नावासकट. त्या कारकुनाची बिलंही. सगळं जागच्या जागी.’’ मी पुढे झाले तशी त्यांनी हात आडवा धरला. ‘‘तू येऊ नकोस. साहेबांना आणि रुग्णालयाच्या अधीक्षकांना इथेच बोलावतो, पडद्यासमोर. ते विचारतीलच, एका गादीला दोन-दोन राजे कसे झाले. ते मी सांगतो.’’

त्यांनी सांगितलं. आवाज चढला तो साहेबांचा. मास्तरांचा शेवटपर्यंत वर्गात फळ्यावर लिहून दाखवत असल्यासारखा होता. समिती बसण्याआधीच उठली. मास्तरांचं काय करायचं, ते ठरवायला दुसरी समिती नेमण्यात आली.

संध्याकाळी मी जुन्या इमारतीत गेले. भांडाराच्या दारात अधीक्षक किल्ल्यांचा जुडगा पुढे करून उभे होते आणि बेबी हात मागे बांधून.

‘‘घ्या, मॅडम. झालं गेलं विसरून जा.’’

‘‘आधी मोजणी,’’ बेबी म्हणाली.

‘‘आता कशाला? तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे.’’

‘‘माझा नाहीये, साहेब. तुम्ही मोजा, मी बघते. एकेक बाटली उजेडात धरून. मग सही तुमची, मग किल्ली माझी.’’

अधीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. घरच्या माणसानं समजूत घालावी, अशा नजरेनं. मी आत पाऊल टाकलं.

‘‘वहिनी, तू बाहेर थांब,’’ बेबी म्हणाली. तिचा स्वर नेहमीचाच होता, मला चहात साखर किती घालू विचारावं तसा. ‘‘नात्यातलं माणूस आत नको.’’

तिनं दार लावून घेतलं. काचेतून मला अधीक्षकांचे हलणारे ओठ दिसत होते, आणि प्रत्येक आकड्यावर त्यांच्या बोटांकडे रोखून बघणारी बेबी. मध्येच तिनं त्यांना थांबवलं आणि ती ओळ पहिल्यापासून मोजायला लावली.