पुरातला सराव

मेजर जनरल गोकुळदास परब मांद्र्याचे. निवृत्त झाल्यावर त्यांना एखाद्या सरकारी महामंडळाचं अध्यक्षपद हवं होतं, म्हणून पेडण्यात त्यांनी स्वतःचा सत्कार स्वतःच जमवून आणला. त्यात आपल्याविषयी चार शब्द बोल, असं सांगायला ते कारापूरला कर्नल सगुण गावसांकडे आले.

पूर्वी परब ब्रिगेडियर असताना गावस त्यांच्या हाताखाली एका पलटणीचे प्रमुख होते. आर्मी कमांडर पाहणीला येणार म्हणून परबांनी नदी ओलांडायचा सराव ठेवला. नदीला पूर होता. गावसांनी सराव पुढे ढकला म्हटलं, पण परबांना मोठ्या साहेबांपुढे मिरवायचं होतं. नाव उलटली, दोन जवान वाहून गेले. चौकशीत परबांनी सगळं नावेवरच्या सुभेदारावर ढकललं. गावसांनीही तसंच बोलावं म्हणून बढतीचं गाजर दाखवलं. गावसांनी खरं तेच सांगितलं. तरी ठपका सुभेदारावर बसला, परब जनरल झाले आणि गावस कर्नल म्हणूनच घरी आले.

"झालं गेलं, सगुण," चहा पिता पिता जनरल म्हणाले. "तेव्हा मी ब्रिगेडची अब्रू वाचवली."

"अब्रू नाही, सर. तुम्ही खुर्ची वाचवलीत."

जनरल रागावले नाहीत. ज्याच्याकडून काम करून घ्यायचं, त्याच्यावर ते कधीच रागावत नसत. उलट जाताना गावसांच्या जावयाच्या बदलीचं बघतो म्हणाले. गावसांनी यायचं कबूल केलं.

सत्काराच्या दिवशी गावस माईकपुढे उभे राहिले. बुडालेल्या जवानांची नावं घेतली आणि म्हणाले, "सुभेदाराचा काही दोष नव्हता. पुरात उतरायचा हुकूम या साहेबांचा होता."

लोक एकमेकांकडे बघू लागले. निवेदक मात्र तयार गडी. कर्नलसाहेबांनी जनरलसाहेबांच्या धाडसी निर्णयाची आठवण सांगितली, असं तो म्हणाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. जनरलनीही वाजवल्या. मग मान वाकवून शाल घेतली.

बाहेर आल्यावर गावसांची बायको कमलाक्षी संतापाने रडत होती. "अहो, कोणाला कळलं तरी का?"

"आजवर हे बंद खोलीतच बोललो होतो," गावस म्हणाले. "एकदा माणसांत बोलायचं होतं."

पुढे जनरलना अध्यक्षपद मिळालं. पहिल्याच भाषणात ते सचोटीवर बोलले.