एक्केचाळीस मुकी बटणं

मी फाईल बोलतेय. कपाटात धूळ खाणारी, दोरीने आवळलेली फाईल डोळ्यांसमोर आणू नका. मी कॉम्प्युटरमधली आहे. आठशे बारा ओळींची. मला कुणी वाचत नाही, नुसतं चालवतात. वाचलं असतं तर ही हकीकत सांगायची वेळच आली नसती.

माझा जन्म चष्म्याच्या एका दुकानावरच्या खोलीत झाला. वर यायला लोखंडी जिना, आत तीन टेबलं, एक फळा आणि खिडकीत उपडा घातलेला स्टीलचा पेला. तो पेला ज्यांचा, त्यांनीच मला लिहिलं. त्यांना सगळे 'सर' म्हणतात. तेव्हा त्यांचे केस काळे होते, आणि काही चुकलं की ते स्वतःलाच मोठ्याने शिव्या घालायचे. ते सर मला फार आवडायचे.

त्यांनी एक लायब्ररी लिहिली होती. दुसऱ्या प्रोग्रॅमांनी आपल्या पोटात घेऊन वापरायचा हा तयार भाग. तिचं काम एकच, वाट बघणं. शेकडो तारांना एकाच वेळी कान लावून बसायचं, जिथून हाक येईल तिथे लगेच ओ द्यायची, आणि पुन्हा वाट बघत बसायचं. ऐकायला सोपं वाटतं. घरातल्या एका माणसाला यायला उशीर झाला तर तुमच्या किती खेपा होतात दारापर्यंत? इथे हजारांची वाट बघायची असते.

पंचाईत अशी, की वाट बघायची रीत प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमची वेगळी. लिनक्सची एक, मॅकची दुसरी. विंडोजचं तर सगळंच निराळं. हाक आली म्हणून ती सांगत नाही, काम उरकलं की सांगते. शिवाय एक जुनीपुराणी रीत जवळपास सगळीकडे सापडते. दारोदार फिरून 'काही हवंय का, काही हवंय का' असं विचारत राहायचं. तिला फार दारं झेपत नाहीत. लिनक्सवर एक हजार चोवीस झाली की तिची वही भरते. पुढचं दार तिच्या लेखी नसतंच.

कुठल्या मशीनवर कुठली रीत लावायची, हे मी ठरवते. लायब्ररी नव्या मशीनवर उभी करायची, म्हणजे तिचं बिल्ड करायचं, की आधी मला चालवतात. मी त्या मशीनला एकेक प्रश्न विचारते. माझी विचारायची तऱ्हा अशी: पाच-सहा ओळींचा चिमुकला प्रोग्रॅम कंपायलरपुढे, म्हणजे लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या दुभाष्यापुढे, टाकायचा. कंपायलरने तो मुकाट्याने घेतला, तर ती सोय त्या मशीनवर आहे. परत फेकला, तर नाही. मग मी यादीत 'आहे' किंवा 'नाही' लिहिते आणि पुढच्या प्रश्नाकडे वळते.

'नाही' लिहिताना मी कधी थांबले नाही. का परत फेकलास, असं कंपायलरला कधी विचारलं नाही. माझा गुन्हा तेवढाच, आणि तो लहान नाही.

वर्षं गेली. लायब्ररी नावारूपाला आली. एका मोठ्या हॉस्पिटलने ती घेतली. तिथे प्रत्येक कॉटपाशी एक बटण असतं, बाथरूममध्ये एक असतं. पेशंटने ते दाबलं की नर्सच्या टेबलावर बेल वाजते आणि पडद्यावर कॉटचा नंबर येतो. त्या सगळ्या बटणांची वाट आमची लायब्ररी बघायची. उठता न येणारा माणूस आणि त्याच्याकडे धावणारी नर्स, यांच्या मधोमध आम्ही. मला त्याचा अभिमान होता. सरांना तर होताच.

अभिमानाबरोबर शिस्त आली. एके दिवशी सरांनी माझ्यात दोन पर्याय घातले. पहिला: कंपायलरने साधी सूचना केली तरी ती चूक धरायची. दुसरा: मी काम करताना काहीबाही छापत असे, ते सगळं बंद. ''किती बडबडते ही!'' असं म्हणून त्यांनी माझं तोंड मिटवलं. आणि वर एक ओळ लिहिली: 'हात लावू नये.'

का लावू नये? ते लिहिलं नाही. मोठ्या माणसांची ही खोड मला कधीच उमगली नाही. हात लावू नका म्हणतात आणि कारण गिळून टाकतात. सांगितलं तर कमीपणा येतो, की कारण त्यांनाच आठवत नसतं? त्या ओळीनंतर कितीतरी जण त्या खोलीत कामाला आले आणि गेले. सगळ्यांनी ती ओळ वाचली आणि मान डोलावून माझी खिडकी मिटली.

मग मागच्या वर्षी जिन्यावर नवी पावलं वाजली, दोन-दोन पायऱ्या एकदम चढणारी. सरांच्या मोठ्या बहिणीची मुलगी. नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली.

''इथे मामा म्हणायचं नाही,'' सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं.

''मग काय म्हणू?''

''सर म्हण. आणि अहो-जाहो कर.''

''बरं सर. आईने तुझा डबा दिलाय.''

''तुमचा.''

''तुमचा डबा दिलाय, सर. झाकण सैल आहे, सांडलास तर मला बोलू नकोस.''

मी तेव्हाच ओळखलं, ही मुलगी माझी खिडकी मिटणाऱ्यांपैकी नव्हे.

हॉस्पिटलने शेजारी नवी इमारत बांधली. जुनी-नवी मिळून एक हजार बावन्न बटणं झाली. त्यासाठी नवं मशीन आलं, त्यावर नवं लिनक्स, नवा कंपायलर. मंगळवारी सरांनी मला तिथे चालवलं. मी प्रश्न विचारले, यादी भरली, लायब्ररी उभी राहिली. तोंड मिटलेलं असल्यामुळे मी काही बोलले नाही. सोमवारी नव्या इमारतीत पेशंट येणार होते.

गुरुवारी फोन आला. तिथल्या मोठ्या सिस्टरचा. या बाईंना फोनची तशी गरज नव्हती, आवाज तसाही पोचला असता.

''साहेब, तुमची बटणं मुकी आहेत. मी स्वतः कॉटवर आडवी झाले आणि बटण दाबलं. हातात चहा होता, तो पार थंड झाला, कुणी फिरकलं नाही. मला धडधाकट बाईला कुणी आलं नाही, तर ऑपरेशन झालेल्या माणसाकडे कोण येणार?''

''वायरिंग बघून घ्या, सिस्टर,'' सर म्हणाले.

इलेक्ट्रिशियनने नव्याकोऱ्या भिंती उघडल्या. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. ती बटणं वाजू लागली आणि दुसरीच मुकी झाली.

''बघ, वायरिंगच,'' सर समाधानाने भाचीला म्हणाले. मग त्यांनी मला आपल्या टेबलावरच्या जुन्या मशीनवर चालवलं, तिथे सगळं सुरळीत दिसलं, आणि ते म्हणाले, ''माझ्याकडे चालतंय.''

माझ्याकडे चालतंय! या धंद्यात याहून निर्दय वाक्य नाही. तुमच्याकडे कुठे कुणी कॉटवर पडलंय, सर?

भाची शुक्रवारी हॉस्पिटलमध्ये गेली. माझी एक प्रत तिथल्या मशीनवर होतीच, म्हणून पुढचं मला ठाऊक आहे. पडद्यावर जोडलेली बटणं हिरव्या ठिपक्यांनी दिसतात. न जोडलेली दिसतच नाहीत. त्यामुळे काय गायब आहे ते कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. तिने हिरवे ठिपके मोजले. मशीन बंद-चालू करून पुन्हा मोजले. सिस्टरने चष्मा लावून तिसऱ्यांदा मोजले. दर वेळी ठिपके वेगळ्या कॉटचे, पण संख्या तीच: एक हजार अकरा. म्हणजे एक्केचाळीस मुकी. जी बटणं उशिरा जोडली जायची, ती बाहेर राहायची.

दुपारी ती खोलीत आली ती धापा टाकतच.

''सर, बिघडलेली वायर दर वेळी कॉट बदलत नाही. आणि दर वेळी मोजून एक्केचाळीसच बिघडत नाहीत. लायब्ररी स्वतःच्या कामाला तेरा जागा घेते. हजार अकरा आणि तेरा किती?''

हजार चोवीसला जुन्या रीतीची वही भरते, हे सरांना पाठ होतं.

''नव्या मशीनवर जुनी दारोदार फिरायची रीत लागलीये. फाईल उघडून बघू या.''

''त्या भागाला हात लावायचा नाही.''

''का पण?''

''तू यायच्या आधीपासून चालतंय ते.''

''चालतंय म्हणूनच कुणी बघितलं नाही!''

''आवाज खाली. ऑफिस आहे हे.''

''सोमवारी एक्केचाळीस माणसं बटण दाबत पडून राहतील. मामा, तू एकदा ऐक ना रे!''

सरांनी फोन उचलला आणि थेट बहिणीला लावला. स्पीकर चालू आहे हे त्यांच्या लक्षात नव्हतं, किंवा असेलही.

''ताई, तुझ्या मुलीला समजाव. मोठ्यांशी कसं बोलावं ते शिकवलं नाहीस.''

''काय म्हणतेय ती?''

''माझ्या फाईलीत चूक आहे म्हणतेय.''

''आहे का?''

''अजून बघितलं नाही.''

''मग मला कशाला फोन केलास? आधी बघ,'' ताई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

सरांनी पेला भरला, अर्धा प्यायला, आणि खुर्ची भाचीच्या टेबलाकडे ओढली. हॉस्पिटलचं मशीन तिच्या पडद्यावर उघडलेलं होतं. तिने माझ्या तोंडावरची पट्टी काढली, म्हणजे तो गप्प बसवणारा पर्याय पुसला, आणि मला चालवलं. कितीतरी वर्षांनी मी बोलले. भराभरा ओळी वर सरकत गेल्या. एका ओळीपाशी दोघांचं बोट एकदमच टेकलं.

मी त्या मशीनला विचारलं होतं, 'वाट बघायची लिनक्सची नवी रीत तुझ्याकडे आहे का?' हा प्रश्न, म्हणजे तो चिमुकला प्रोग्रॅम, सरांनीच लिहिलेला. त्यात त्यांनी एक जागा नाव देऊन राखून ठेवली होती आणि तिच्यात कधीच काही भरलं नव्हतं. जुना कंपायलर तिकडे काणाडोळा करायचा. नव्याने सभ्यपणे कळवलं, 'ही जागा वापरलेली नाही.' सूचना नुसती. पण सरांच्या शिस्तीने तिची चूक केली, प्रोग्रॅम परत फेकला गेला, आणि मी लिहिलं: 'नाही.' मग उरलेली जुनी रीत लावून मोकळी झाले.

सोय त्या मशीनवर पहिल्या दिवसापासून होती. ते 'नाही' म्हणालंच नव्हतं. ते म्हणत होतं, तुझ्या प्रश्नात एक शब्द जास्तीचा आहे.

सरांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

''गाढवा!'' सर मोठ्याने ओरडले. ''बिनडोक, आंधळ्या गाढवा!''

भाची दचकली. मी नाही. मला माझे जुने सर परत मिळाले होते.

त्यानंतर दोघांनी मला पहिल्या ओळीपासून वाचलं, त्या दिवशी आणि शनिवारी. ती रिकामी जागा पुसली. शिस्त लायब्ररीपुरती ठेवली, माझ्या प्रश्नांवरून उठवली. जुनी रीत यापुढे कुणी स्वतःच्या हाताने मागितली तरच लागेल असं केलं. नवी सापडली नाही तर मी तिथेच थांबायचं आणि कारण सांगायचं. माझ्या दोनशे ओळी गेल्या. एकीचंही मला वाईट वाटलं नाही.

रविवारी सकाळी हॉस्पिटलमध्ये लायब्ररी पुन्हा उभी राहिली. सिस्टरने ठिपके मोजले. एक हजार बावन्न. पण ठिपक्यांवर विश्वास ठेवणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. नव्या इमारतीच्या अगदी टोकाच्या खोलीत जाऊन त्या कॉटवर आडव्या झाल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

टेबलावर बेल वाजली. नर्स पडद्याकडे बघते आहे तोवर सरच निघाले, आधी भराभर चालत, मग चक्क धावत. त्या लांबलचक व्हरांड्यात त्यांच्या चपलांचा आवाज घुमला. दारात पोचले तेव्हा त्यांना धड बोलता येत नव्हतं.

''आलात?'' सिस्टर पडल्या-पडल्या म्हणाल्या. ''चहा अजून गरम आहे. घ्या, तुम्हालाच जास्त गरज दिसतेय.''

सोमवारी सरांनी 'हात लावू नये' ही ओळ स्वतः खोडली आणि खुर्ची मागे सरकवली. ''इथे काय लिहायचं ते तू लिही.''

''सर म्हणून सांगताय की मामा म्हणून?''

''लिही ग बाई.''

तिने लिहिलं: 'हात लावावा. आधी खालचं कारण वाचावं.' आणि खाली तिने चार ओळींत सगळं कारण लिहिलं, एक्केचाळीस बटणांसकट.

आता मी सहाशे ओळींची आहे आणि बडबडी आहे. कुठल्याशा मशीनवर अडले की मध्येच थांबते, कशाने अडले ते मोठ्याने सांगते. लोक वैतागतात. वैतागू देत. गप्प बसून मी काय केलं होतं ते मला ठाऊक आहे.

तुम्हाला एवढंच सांगून थांबते. कुणाला काही विचारलंत आणि हवं ते उत्तर आलं नाही, तर घाईने 'नाही' लिहून पुढे जाऊ नका. आपला प्रश्न एकदा उघडून बघा. पलीकडे कदाचित कुणीतरी बटण दाबत पडलेलं असेल.