पहिल्याच वाक्यात

"नाही, नाही, मान खाली घालू नका," शिकवणारी पोरगी म्हणाली. "पुन्हा एकदा. वाईट बातमी पहिल्याच वाक्यात. हवापाण्याच्या गप्पा नकोत, बायकोमुलांची चौकशी नको. एक वाक्य बोलायचं आणि गप्प बसायचं. समोरच्याला ते झेलू द्यायचं."

समोरच्या खुर्चीत ओलझास बसला होता. एरवी तो सॉफ्टवेअर तपासायच्या विभागात काम करायचा, आत्ता मात्र खोटाखोटा कर्मचारी झाला होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं. रौशनने त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"ओलझास, तुमची नोकरी आज संपली आहे."

एवढं बोलून ती गप्प बसली. खोली अशी काही शांत झाली की ओलझासचं हसू गळूनच पडलं. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शिकवणाऱ्या पोरीने तर उभं राहून वाजवल्या.

रौशनला त्या टाळ्यांचं काही वाटलं नाही. ती मुळात प्रोग्रॅमर. आधीचा प्रमुख कंपनी सोडून गेला, तिला विचारलं, आणि नाही म्हणायला तिला जमलं नाही, म्हणून ती मॅनेजर झाली. यंत्राशी बोलताना तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. माणसांशी बोलायची वेळ आली की मात्र ती प्रत्येक वाक्य आधी घोकून ठेवायची. कंपनीने अशा सगळ्या प्रमुखांना नेतृत्व आणि संवाद शिकायला बसवलं होतं. तिथली बिस्किटं चांगली होती, एवढं मात्र खरं.

जेवणाच्या सुट्टीत संचालक झासुलानने तिला जिन्यात गाठलं. तो तिच्याहून बराच लहान होता आणि उभ्याउभ्याच बोलायचा.

"मालगाडीच्या डब्यांची ती जुनी प्रणाली बंद करतोय आपण. बाहेरची तयार घेतलीय. सोवेतबेक यांची जागा रद्द झालीय. पाच वाजता कंपनीच्या यंत्रणेतला त्यांचा प्रवेश बंद होईल, त्याच्या आत सांगून टाका."

"आज? आज ते घरी आहेत. कंबर धरलीय त्यांची. घरूनच काम करतायत."

"मग व्हिडिओवर सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. सकाळी फार छान जमलं म्हणे तुम्हाला."

"घरी जाऊन सांगते."

"घरी? सोयरीक जुळवायचीय का?" तो हसला आणि वर निघून गेला.

रौशन कॉलेजातून थेट या कंपनीत आली तेव्हा तिची खुर्ची सोवेतबेकच्या शेजारी होती. कुठला डबा कुठल्या स्टेशनात कुठल्या रुळावर उभा आहे, हे सांगणारी ती प्रणाली त्यानेच उभी केली होती. सगळे त्याला आगा म्हणत, थोरल्या भावाला म्हणतात तसं. बिघाड झाला की पडद्यावर दिसणारी सूचना तिने पहिल्यांदा लिहिली तेव्हा त्याने ती वाचली आणि सगळी पुसायला लावली. "काय मोडलंय ते पहिल्या ओळीत सांग, पोरी. तिकडे स्टेशनात माणूस थंडीत कुडकुडत उभा आहे. त्याला तुझं पुराण नकोय." आज त्या पोरीने पैसे घेऊन जे शिकवलं, ते रौशनला सोवेतबेकने कधीच फुकट शिकवलं होतं. आणि आता तेच त्याच्यावर चालवायचं होतं.

एक गोष्ट तिने मनाशी पक्की केली. पाच वाजता यंत्राने त्याला दारातून हाकलायच्या आत, त्याला हे माणसाच्या तोंडून कळलं पाहिजे. तिच्याच तोंडून.

ती कोट चढवत असताना ओलझास आला. जिन्यातलं बोलणं त्याच्या कानावर आलं होतं. "एकटी कुठे निघालीस? अशी बातमी कुणी एकट्याने नेतं का? चल, मी येतो." मागून बोटागोझही आली. ती आणि सोवेतबेक ऑफिसात एकाच टेबलावर जेवायचे. "मलाही न्या," ती म्हणाली, "नाहीतर मी इथे रडत बसेन." रौशनला खरं म्हणजे बरंच वाटलं. तिघं मिळून निघाले. फोन केला नाही, कारण फोनवर काय सांगणार? का येताय, असं त्याने विचारलं तर?

अल्माती शहरावर कोळशाच्या धुराचं झाकण पडलं होतं. डोंगर कुठे गेले ते कळत नव्हतं. सोवेतबेकची इमारत जुनी, बिनलिफ्टची. चढताना रौशन मनातल्या मनात ते एक वाक्य घोकत होती. ओलझास धापा टाकत होता.

दार त्याच्या बायकोने, कुल्याशने उघडलं. हाताला पीठ लागलेलं, तोंडावर हसू. "अगोबाई, रौशन! ये ये, मी बाउरसाक तळत..."

आणि तिथेच ती थांबली. तिने तिघांकडे पाहिलं. काळे कोट, खाली घातलेल्या माना, आणि येतोय म्हणून निरोप नाही. तिच्या तोंडावरचा रंग उडाला.

"दियास," ती म्हणाली.

"वहिनी, आम्ही..."

"दियास ना? कालपासून फोन लागत नाहीये त्याचा." तिने चौकट धरली आणि चपलांच्या बाकावर मटकन बसली. "बोला. कसा गेला माझा पोरगा?"

दियास त्यांचा एकुलता एक मुलगा. देशाच्या पश्चिमेला तेलाच्या विहिरींवर कामाला.

तेव्हा रौशनच्या डोक्यात प्रकाश पडला. तिचे वडील गेले तेव्हा गावातले तिघं म्हातारे असेच न कळवता फाटकातून आत आले होते. त्यांनी तोंड उघडायच्या आत तिच्या आईने हातातली बादली खाली ठेवली होती. मरणाची बातमी अशीच येते. ती कुणी एकट्याने आणत नाही, फोनवर सांगत नाही. हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण वाक्य घोकण्याच्या नादात आपण दारात कसे उभे राहणार आहोत, ते तिने पाहिलंच नव्हतं.

"नाही वहिनी! दियास बरा आहे! दियासचं काही नाही!" ती खाली बसली, कुल्याशचे पिठाळ हात तिने घट्ट धरले. "आगांची नोकरी गेली, एवढंच! एवढंच, वहिनी!"

कुल्याशने मान वर केली. "नोकरी?"

"हो."

"फक्त नोकरी?" आणि ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि तिने रौशनच्या खांद्यावर असे धपाटे घातले की काळ्या कोटावर पाचही बोटं उमटली. "मेल्यांनो! जीव घेतला होतात माझा! असं येतात का कुणाच्या घरी? अहो, ऐकलंत का? नोकरी गेली तुमची! नोकरीच गेली हो फक्त!"

सोवेतबेक आतल्या खोलीच्या दारात उभा होता. कमरेला लोकरी शाल गुंडाळलेली, चष्मा कपाळावर. त्याने सगळं ऐकलं होतं.

"ऐकलं," तो म्हणाला. "त्यांना आत तर घे."

पाच वाजायला अजून अवकाश होता. रौशनने वेळेत सांगितलं होतं, पण भलत्यालाच.

कुल्याशने टेबल भरून टाकलं. गरम बाउरसाकचे फुगलेले गोळे, लोणी, मुरंबा, दुधाचा चहा. मधेच दियासचा फोन लागला. ती त्याला शिव्या देत होती, मुके घेत होती आणि पुन्हा शिव्या देत होती. बोटागोझ तिच्याबरोबर रडत होती, कशासाठी ते तिचं तिलाच माहीत. ओलझासला खायचं की नाही ते समजत नव्हतं.

"रौशन, जरा आत ये," सोवेतबेक म्हणाला. "पडद्यावर काहीतरी दाखवायचंय."

आत त्याच्या टेबलावर पडदा चालू होता. डब्यांचे आकडे एकामागून एक वर सरकत होते. त्याने दार लोटलं.

"मला अजून कुणी सांगितलेलं नाही," तो म्हणाला.

"आगा..."

"तू कुल्याशला सांगितलंस. आता मला सांग."

सांगण्यासारखं तिच्याकडे पुष्कळ होतं. तिने विरोध करायला हवा होता, झासुलानशी भांडायला हवं होतं, आणि आज ती जी कुणी होती ती त्याच्यामुळे होती. सगळं जिभेवर आलं होतं. पण त्याने चष्मा कपाळावरून खाली डोळ्यांवर घेतला होता, पूर्वी तिचं काम तपासताना घ्यायचा तसा.

"आगा, तुमची नोकरी आज संपली आहे."

आणि ती गप्प बसली. सकाळी तिने याच वाक्यावर टाळ्या घेतल्या होत्या. भिंतीपलीकडे कुल्याश हसत होती. आकडे सरकत होते.

"डब्यांकडे कोण बघणार?" त्याने विचारलं.

"कुणी नाही. बंदच करतायत सगळं."

त्याने मान हलवली.

"मी मघाशी 'एवढंच' म्हणाले," रौशन म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "तसं नाही हो, आगा. एवढंच नाहीये ते."

"तिच्यासाठी ते बरोबर होतं. आई घाबरली होती, तिला आधी तेच सांगायला हवं." मग तो थांबून म्हणाला, "आणि मला चांगलं सांगितलंस. पहिल्याच ओळीत."

तो तिला नेहमी असंच शाबासकी द्यायचा, मोजूनमापून. याआधी कुठल्याच शाबासकीने तिला इतका त्रास झाला नव्हता.

"अहो!" बाहेरून हाक आली. "चहा गार होतोय! आणि आशीर्वाद कोण देणार? माझा पोरगा आज नव्याने जन्मलाय!"

"आलो," सोवेतबेक म्हणाला. कंबर धरत तो बाहेर आला आणि टेबलाच्या मुख्य जागी बसला. घरात वडीलधारा तोच. त्याने दोन्ही हात ओंजळीसारखे समोर धरले, बाकीच्यांनीही धरले. दियासला दीर्घ आयुष्य मिळो, असं तो म्हणाला. वाट सुखाची होवो. या घरात असे पाहुणे नेहमी असेच चुकून येवोत. कुल्याश खुदकन हसली.

"आमीन," सगळे म्हणाले आणि त्यांनी तळवे चेहऱ्यावरून खाली फिरवले.

सगळ्यांचे हात खाली आले. कुल्याश उठून चहा ओतू लागली, ओलझासने अखेर बाउरसाक उचलला. सोवेतबेकचे तळवे अजून त्याच्या चेहऱ्यावरच होते.